सासूबाई बांधावर बसल्या

लग्न होऊन मी निरगुडसरला आले तेव्हा बांध म्हणजे नेमकं काय, हे मला माहीत नव्हतं. माझं माहेर जुन्नरचं, भर बाजारातलं. वडील एसटीत कंडक्टर होते आणि आई घरी शिवणकाम करायची. आमच्या घराच्या दोन्ही बाजूच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक होत्या, त्यामुळे हद्दीवरून भांडायला जागाच नव्हती. शेजारी त्यांच्या बाजूने खिळा ठोकायला लागले की आमच्याकडचं कॅलेंडर खाली पडायचं. आई ते उचलून पुन्हा लावायची. आमच्या हद्दीचा प्रश्न तिथे संपायचा.

लग्नाला आठवडा झाला नसेल, तोच सासूबाई मला शेतावर घेऊन गेल्या. विहीर दाखवली, विहिरीशेजारची मोटारीची विटांची खोली दाखवली, कांद्याची चाळ दाखवली. शेवटी मातीच्या एका लांबट वरंब्यावर मला उभं करून म्हणाल्या,

"ह्यो बांध. नीट बघून ठिव."

मी बघितला. वरंब्यावर गवत होतं, मध्यावर एक बाभूळ होती. बघून ठेवण्यासारखं मला काही दिसलं नाही.

"बघितला, आत्या," मी म्हणाले. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात.

"किती रुंद हाय?"

"हातभर असेल."

"मी लगीन करून आले तवा ह्याच्यावरनं दोन बाया डोक्यावर पाट्या घेऊन बोलत बोलत चालायच्या. आता एकटीला पायाम्होरं पाय टाकावा लागतोय."

त्यांनी चालून दाखवलं. खरंच तसं चालावं लागत होतं.

बांधाच्या पलीकडचं शेत माझ्या चुलत सासऱ्यांचं होतं. माझे सासरे माझ्या लग्नाआधीच वारले होते, आणि हे त्यांचे धाकटे चुलत भाऊ. मी त्यांना मामा म्हणायचे. सासूबाई त्यांना भावजी म्हणायच्या, ते सासूबाईंना वैनी म्हणायचे. पुढे बरीच वर्षं भांडण चाललं, पण भावजी आणि वैनी यात काही फरक पडला नाही. "भावजी, तुमी चोर हाय" असं मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

बांध कसा बारीक होतो, ते मला पहिल्या वर्षीच कळलं. पूर्वी बैलांनी नांगरायचे तेव्हा बैल बांधाजवळ आले की आपणहून वळायचे. मग मामांनी भाड्याचा ट्रॅक्टर आणायला सुरुवात केली. ट्रॅक्टरचा फाळ बांधाच्या कडेची माती उलटी करतो, ती त्यांच्या वावरात पडते आणि बांध तेवढा आत येतो. दर नांगरटीला दोन-चार बोटं. त्यावरून गाव गोळा करावा एवढं ते मोठं नव्हतं आणि गप्प बसावं एवढं लहानही नव्हतं.

सासूबाई बांधाच्या अलीकडे उभ्या राहून म्हणायच्या, "भावजी, बांध आत आला."

मामा पलीकडून म्हणायचे, "टॅक्टरवाला नवीन हाय, वैनी. सांगतो त्याला."

ट्रॅक्टरवाला दर वर्षी नवीन असायचा.

सासूबाईंचं म्हणणं असं होतं की हे सगळं सासरे गेल्यापासून सुरू झालं. "ह्ये होते तवर बांध जागच्या जागी व्हता," असं त्या म्हणायच्या. विधवा बाई आहे, मुलगा नोकरीला आहे, कोण बघतंय, असं भावजींना वाटलं असणार, हा त्यांचा हिशेब. माझा नवरा भोसरीला एका कारखान्यात होता आणि गुरुवारी सुट्टीला घरी यायचा. त्याने मामांशी बोलावं असं सासूबाईंना वाटे. तो जायचा, मामा त्याला चहा पाजायचे, दोघं बटाट्याच्या भावावर बोलायचे, आणि तो परत यायचा.

"काय म्हणले?" सासूबाई विचारायच्या.

"ट्रॅक्टरवाला नवीन आहे म्हणाले."

मग सासूबाईंनी स्वतः उपाय सुरू केले. आधी त्यांनी बांधाच्या कडेला चुना लावलेले दगड ठेवले. नांगरट झाल्यावर पाहिलं तर सगळे दगड होते, ओळीतही होते, फक्त ती ओळ आमच्याकडे सरकली होती. मग त्यांनी बांधावर तूर लावली. ती मामांच्या शेळ्यांनी खाल्ली. शेळ्या त्यांच्या बाजूने येऊन आमच्या बाजूने गेल्या होत्या, त्यामुळे त्यावरूनही हद्दीचंच भांडण झालं.

मग त्या बांधावर बसल्या.

मला तो दिवस चांगला आठवतो. उन्हाळ्यातली सकाळ होती. मामांच्या शेतात ट्रॅक्टर आल्याचा आवाज आला तशी सासूबाईंनी एक रिकामं पोतं घेतलं, सुपात शेंगा घेतल्या, आणि बांधावर बाभळीच्या सावलीत जाऊन बसल्या. बसल्या म्हणजे बांधाच्या मूळच्या रुंदीवर बसल्या. पाय त्यांनी मामांच्या बाजूला सोडले. मी मागे पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहिले. असल्या वेळी सुनेने कुठे उभं राहायचं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

ट्रॅक्टर फरफर करत आला आणि थांबला.

"आजी, उठा," ट्रॅक्टरवाला म्हणाला. तो खरोखरच नवीन होता.

"तू नांगर की," सासूबाई शेंगा फोडत म्हणाल्या.

"अवो, तुमी मदी बसलाय."

"मी माझ्यात बसलीय. तू तुझ्यात नांगर."

त्याने मामांकडे बघितलं. मामा वावराच्या टोकाला उभे होते. ते चालत आले, डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली.

"वैनी, ऊन लागंल."

"सावली हाय."

"धूळ उडंल लई."

"पदर हाय."

मामा थोडा वेळ उभे राहिले. मग ट्रॅक्टरवाल्याला म्हणाले, "घे वळसा घालून." आणि ट्रॅक्टर सासूबाईंना वळसा घालून गेला. परत येताना पुन्हा वळसा घातला. सासूबाई शेंगा फोडून होईपर्यंत बसल्या, मग पोतं झटकून उठल्या.

त्या वर्षी बांध बाकी सगळीकडे चार बोटं आत आला आणि बाभळीखाली मात्र होता तसा राहिला. पुढच्या वर्षीही तेच. दोन-तीन नांगरटींनंतर बांधाला मध्यावर एक फुगवटा आला, साधारण एक माणूस पाय सोडून बसेल एवढा. नवऱ्याने गुरुवारी तो पाहिला आणि म्हणाला, "आई, दर वेळी वेगळ्या जागी बसत जा. म्हणजे सगळा बांध वाचेल."

"बाकी सावली न्हाई," सासूबाई म्हणाल्या.

एवढं असूनही दोन्ही घरांचं जाणं-येणं बंद नव्हतं. सणाला पुरणपोळीचं ताट बांधावरून इकडून तिकडे जायचं आणि तिकडून इकडे यायचं. मामांच्या बायकोला मी काकी म्हणायचे. त्यांची पोलकी मीच शिवायचे. आईकडून शिकलेलं शिवणकाम मला सासरी उपयोगी पडलं. काकी माप द्यायला यायच्या आणि म्हणायच्या, "तुझ्या सासूचं बरोबर हाय. पन मी काय बोलू?" मग पोलकं घेऊन जायच्या.

बिघडलं ते गोठ्यामुळे. मामांनी दुधासाठी जर्सी गायी घेतल्या आणि बांधाच्या वरच्या टोकाला गोठा बांधायला काढला. लोखंडी खांब, वर पत्रे. मागच्या रांगेचे खांब सासूबाईंच्या मते आमच्या हद्दीत होते. मामांच्या मते नव्हते. बांध तोपर्यंत इतका हलला होता की नक्की कुणालाच सांगता येईना. सासूबाई तिथेही जाऊन बसल्या, पण खांबांसाठी खड्डे आदल्या दिवशीच झाले होते, आणि गवंड्याला काही ट्रॅक्टरसारखा वळसा घालता येत नव्हता. तिथे सावलीही नव्हती.

त्या दिवशी फार बोलाचाली झाली. सासूबाई चोर म्हणाल्या. मामा म्हणाले, "वैनी, तोंड सांभाळा, न्हाईतर मला बी बोलायला येतं." पण बोलले काही नाहीत. टोपी घालून निघून गेले. त्यानंतर दोघांनी एकमेकांशी बोलणं सोडलं.

बोलणं सोडलं, तरी विहीर एकच होती. आजेसासऱ्यांच्या काळातली सामाईक विहीर, तिच्यावर आमची एक मोटार आणि त्यांची एक. उन्हाळ्यात पाणी थोडं, वीज कधी येईल त्याचा भरवसा नाही. दोन्ही मोटारी एकदम चालू केल्या तर विहीर उपसून जायची. त्यामुळे रोज कुणाची पाळी कधी, हे ठरवावंच लागायचं, आणि न बोलता ते ठरत नव्हतं. त्यासाठी मी होते.

"सूनबाई," मामा म्हणायचे, "तुझ्या सासूला सांग, आज लाइट दुपारची हाय, आमी आदी घेतो."

सासूबाई माझ्या शेजारी उभ्या असायच्या. मी त्यांच्याकडे वळून म्हणायचे, "मामा म्हणतात, ते आधी घेतात."

"सांग त्यास्नी, कांदा सुकलाय माझा."

"मामा, कांदा सुकलाय म्हणतात."

"मग तुमी घ्या म्हनावं."

हे वर्षानुवर्षं चाललं. माझी दोन्ही मुलं झाली, शाळेत जायला लागली, गावात टेलिफोन आले, आणि मी अजून बांधावर उभी राहून हातभर अंतरावरचे निरोप सांगत होते. मी बाळंतपणाला जुन्नरला गेले होते तेव्हा हे काम काकींनी केलं. पण त्या निरोपात स्वतःचंही थोडं घालायच्या म्हणून ते कुणालाच पसंत पडलं नाही.

गावातली जाणती माणसं एकदा मध्ये पडली. ओट्यावर बसून त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या, पोहे खाल्ले, आणि "भावाभावांचं हाय, मिटवून घ्या" असं सांगितलं. कसं मिटवायचं, ते त्यांनी सांगितलं नाही. त्यातले एक जण जाताना नवऱ्याला म्हणाले, "सरकारी मोजणी आणा राव. दोघांचं बी तोंड बंद हुतंय."

नवऱ्याने घोडेगावला जाऊन मोजणीचा अर्ज दिला. मामांना त्याची नोटीस गेली. मला वाटलं होतं, आता मोठं काहीतरी होईल. मामांनी नोटीस घेतली, वाचली, आणि काकींकरवी एवढाच निरोप पाठवला की मोजणीवाले साहेब दुपारी आमच्याकडे जेवतील. सासूबाईंनी माझ्याकरवी उलट निरोप पाठवला की अर्ज आमचा आहे, साहेब आमच्याकडे जेवतील.

मोजणीच्या दिवशी हवा थंड होती. साहेब मधल्या वयाचे, अंगात स्वेटर घातलेले होते. त्यांनी तिपायीवर एक टेबल मांडलं, त्यावर नकाशा पसरला, बरोबरच्या माणसांना झेंडे घेऊन शेताच्या कोपऱ्यांवर उभं केलं. आजूबाजूच्या शेतातली माणसं आपापलं काम सोडून बघायला आली. सासूबाई बाभळीखाली पोतं टाकून बसल्या होत्या.

साहेब बांधावरून चालत आले आणि फुगवट्यापाशी थांबले.

"हे असं का आहे?" त्यांनी मला विचारलं.

"इथे आमच्या सासूबाई बसतात," मी म्हणाले.

"कधी?"

"नांगरटीला."

साहेबांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. "त्यांना आता जरा उठायला सांगा," ते म्हणाले. सासूबाई उठल्या.

दुपारी साहेब अर्धी भाकरी आमच्याकडे जेवले आणि अर्धी मामांकडे. पिठलं दोन्हीकडे होतं. त्यांना सवय असावी. जेवण झाल्यावर त्यांनी पुन्हा टेबलावर नजर लावली, झेंडेवाल्यांना इकडे तिकडे सरकवलं, आणि मग सगळ्यांना जवळ बोलावलं. एका बाजूला सासूबाई, नवरा आणि मी, दुसऱ्या बाजूला मामा, काकी आणि त्यांचा मुलगा.

"हे बघा," साहेब म्हणाले. "मधला बांध यांच्या बाजूने खाल्लेला आहे. या बाई बसतात तो भाग तेवढा हद्दीवर आहे. आणि वरच्या टोकाला गोठ्याची मागची रांग तुमच्या हद्दीत येते." हे त्यांनी आमच्याकडे बघून सांगितलं.

सासूबाईंनी गोळा झालेल्या माणसांकडे एकदा सावकाश बघून घेतलं. एवढ्या वर्षांत त्यांना इतकं सरळ उभं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं.

"आणि खालच्या टोकाला," साहेब त्याच आवाजात म्हणाले, "ही मोटारीची खोली यांच्या हद्दीत आहे." आता ते मामांकडे बघत होते.

ती खोली आमची होती. सासऱ्यांनी बांधलेली. आमची मोटार, आमचा स्टार्टर, सासऱ्यांच्या हातची विजेची जोडणी. सासूबाई पावसाळ्याआधी दर वर्षी तिला आतून चुना लावायच्या.

"साहेब, पुन्हा एकदा बघा," नवरा म्हणाला.

साहेब टेबलाकडे वळणार, तोच मामा म्हणाले, "पुन्हा बघाया नको. ठावं हाय मला."

सासूबाई मामांकडे वळल्या आणि निरोप देणारी मी मध्ये आहे, हे त्या विसरल्या. "काय ठावं हाय?"

"खोली माझ्यात हाय ते. पहिल्यापासनं." मामांनी टोपी काढली. "तुमच्या अंगाला कातळ लागला. पाया घ्यायला जागाच न्हवती. दादा म्हणला, हितं बांधू का? म्या म्हणलं, बांध. इटा बी म्याच आनल्या बैलगाडीनं."

दादा म्हणजे माझे सासरे.

"ह्यांनी मला कधी सांगितलं न्हाई," सासूबाई म्हणाल्या.

"त्यात सांगण्यासारखं काय व्हतं?"

"आन तुमी? एवढी वर्सं मी तुमाला नको नको ते बोलले. तवा तरी सांगायचं व्हतं, की तुझी खोली माझ्यात हाय म्हनून."

"दादाला दिल्याली जागा, वैनी. ती भांडणात कशी काढायची?"

सासूबाईंनी मोटारीच्या खोलीकडे बघितलं. साहेब खाली नकाशाकडे बघत राहिले. मग सासूबाईंनीच विचारलं,

"मग बांध कुनी खाल्ला?"

मामा म्हणाले, "टॅक्टरवाल्यानं." मग टोपी पुन्हा घालत ते म्हणाले, "थोडा म्या बी."

मागे उभ्या असलेल्या माणसांत कुणीतरी हसलं. मामा हसले नाहीत, सासूबाईही नाहीत. साहेबांनी खुणा कुठे रोवायच्या ते दाखवलं, कागदावर दोन्हीकडच्या सह्या घेतल्या, आणि त्यांची गाडी मंचरच्या रस्त्याला लागली.

त्या संध्याकाळी भाकऱ्या करून मी बाहेर आले तर सासूबाई मोटारीच्या खोलीपाशी उभ्या होत्या. एक हात भिंतीवर टेकलेला होता. मी जवळ गेले.

"मला वाटायचं, ह्यांच्या माघारी भावजींची नियत फिरली," त्या म्हणाल्या.

"आणि आता?"

"आता काय. फिरली व्हतीच की थोडी. पन सगळी न्हाई." भिंतीवरचा हात काढून त्यांनी पदराला पुसला. "आन ह्यांनी मला सांगू नाय? एवढी इटा-मातीची गोष्ट. दोगं भाऊ मिळून बांधत्यात, आन मला वाटतंय माझ्या नवऱ्यानं एकट्यानं बांधली."

त्यांना जास्त राग मामांचा आला होता की सासऱ्यांचा, ते मला नीट कळलं नाही. मला वाटतं सासऱ्यांचा, पण ते ऐकायला नव्हते.

चार-दोन दिवस असेच गेले. मग एका गुरुवारी, नवरा घरी असताना, सासूबाईंनी धुतलेलं लुगडं नेसलं, मला बरोबर घेतलं आणि बांध ओलांडून मामांच्या घरी गेल्या. गोठ्याच्या भांडणानंतर पहिल्यांदाच. काकींनी घोंगडी अंथरली. मामा बाहेरून आले, आम्हाला बघून दारातच थांबले, आणि सवयीने मला म्हणाले, "सूनबाई, तुझ्या सासूला इचार, च्या घेनार का."

"मला ऐकू येतंय," सासूबाई म्हणाल्या. "घेनार."

चहा झाला. सासूबाई म्हणाल्या, "खोलीची जागा मला फुकट नको."

"ती दिलीय म्या."

"ह्यांना दिलीत. ह्ये गेले. आता मी घ्यायची तर मोजून घ्यायची. तुमचा गोठा जेवढा माझ्यात आलाय, तेवढी जागा तुमी ठिवा. माझी खोली जेवढी तुमच्यात हाय, तेवढी मी ठिवते. फिटलं."

मामांनी मान हलवली. "फिटत न्हाई. गोठ्याची जागा मोठी हाय. मी मागची रांग आत घेतो."

"रांग आत घेतली तर गायी पावसात उभ्या ऱ्हातील."

"मग भिजू द्या. तुमचं जास्तीचं कशापायी घेऊ?"

"माझं हाय तर मी देते. तुमाला काय करायचंय?"

आवाज चढले. काकी माझ्याकडे बघायला लागल्या. दोघंही पूर्वीसारखेच भांडत होते, फक्त आता प्रत्येक जण जमीन दुसऱ्याच्या गळ्यात घालायला बघत होता. आम्ही घरी आलो तोपर्यंत काहीच ठरलं नव्हतं. नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हे आधीच्यापेक्षा अवघड आहे."

शेवटी काकींनी तोड काढली. विहिरीवरून आमच्या वावरात यायचा पाइप त्यांच्या कोपऱ्यातून येत होता. खोलीबरोबर त्या पाइपाची वाटही धरा, म्हणजे दोन्हीकडचं बरोबरीत येतं, असं त्या म्हणाल्या. बरोबरीत आलं की नाही, हे कुणी मोजलं नाही. दोघांनीही मानलं. नवरा आणि मामांचा मुलगा मंचरला जाऊन स्टॅम्पपेपरवर ते लिहून आले, कारण आपल्या दोघांचं झालं तरी उद्या पोरांची तोंडं कुणी धरायची, असं सासूबाईंचं म्हणणं होतं. त्यावर मामांनी सही केली आणि सासूबाईंनी अंगठा दिला. शाईचा अंगठा पुसायला त्यांनी मामांच्या घरचंच फडकं मागितलं.

मग बांध घातला. साहेबांनी रोवलेल्या खुणेपासून खुणेपर्यंत सुतळी ताणली. तिच्या दोन्ही अंगांना बांध किती रुंद ठेवायचा, यावर पुन्हा बोलणं निघालं तेव्हा काकी मला म्हणाल्या, "तू सांग. तू माप घेतीस ना." मी सांगितलं की शिवताना कापडाच्या कडेला आम्ही माया सोडतो. अगदी शिवणीला लागून कापलं तर उसवतं. "मग सोड माया," काकी म्हणाल्या. माझ्याच टेपने दोन्हीकडे सारखी रुंदी धरली. नवरा, मामांचा मुलगा आणि दोन गडी फावडी घेऊन माती ओढायला लागले. काम बाभळीखालच्या फुगवट्यापर्यंत आलं तसे मामा थांबले.

"वैनी, हे ठिवायचं का काढायचं?"

"काढा," सासूबाई म्हणाल्या. "सरळ पायजे."

बांध सरळ झाला. माझं निरोप सांगण्याचं काम संपलं. विहिरीवर दोघं आता थेट एकमेकांवर ओरडायचे. सुरुवातीला काही दिवस मला चुकल्यासारखं व्हायचं. मामा काही बोलले की माझी मान आपोआप सासूबाईंकडे वळायची.

त्यानंतरच्या हिवाळ्यात मामांच्या धाकट्या मुलीचं स्थळ पेठला निघालं. मुलाकडचं घर बघायला जायचं होतं, तर मामा आमच्या ओट्यावर येऊन सासूबाईंना म्हणाले, "वैनी, तुमी चला. भावकीत मोठं आता तुमीच." सासूबाईंनी कामाची बरीच कारणं सांगितली आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी जीपमध्ये बसल्या. मलाही नेलं.

पेठला त्या लोकांनी पाहुणचार चांगला केला. पोहे झाले, चहा झाला. मुलाचे वडील बोलके होते. शेत किती, पाणी कुठलं, हे सगळं विचारून झाल्यावर त्यांनी सासूबाईंकडे मोर्चा वळवला.

"आजी, तुमचं यांचं नातं?"

"चुलत दीर. शेत बी बांधाला बांध."

"मग भांडणं हुत असतील," ते हसत म्हणाले. चेष्टा करायचा त्यांचा हेतू होता.

मामांनी चहाचा कप तोंडाला लावला आणि तिथेच ठेवला. मी काकींकडे बघितलं. काकी दाराच्या चौकटीकडे बघत होत्या.

"झाली की," सासूबाई म्हणाल्या. "लई वर्सं भांडलो. मी ह्यांना चोर म्हणलं."

मुलाचे वडील हसायचे थांबले. "आन मग?"

"मग मोजून घेतलं. थोडं ह्यांचं माझ्यात निघालं, थोडं माझं ह्यांच्यात. मिटलं." सासूबाईंनी बशीत चहा ओतला. "मानूस चांगला हाय. मोजून बघितलाय म्हनून सांगते."

मामांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मग मुलाच्या आईने आतून मुलाला बोलावलं आणि आमच्यासमोर बसवलं.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये मामा पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते. बराच वेळ ते रस्त्याकडे बघत होते. मग मागे न वळता म्हणाले, "चोर म्हणलं, ते तरी सांगायला नको व्हतं, वैनी."

"त्यांनी इचारलं," सासूबाई म्हणाल्या.

आठवड्याच्या आत पेठहून होकार आला. लग्नातली सगळी पोलकी मीच शिवली.